वचनचिठ्ठी : वैधतेच्या कायदेशीर अटी

ठराविक रक्कम बिनशर्त देण्याचे लेखी आणि सहीनिशी दिलेले वचन म्हणजे वचनचिठ्ठी. बोलीत तिला प्रॉमिसरी नोट किंवा नुसते ‘प्रोनोट’ म्हणतात. भारतात तिची व्याख्या परक्राम्य संलेख (हातोहात हस्तांतरित करता येणारे पैशांचे दस्तऐवज) अधिनियम, १८८१ च्या कलम ४ मध्ये आहे. चलनी नोटेवरही धारकाला रक्कम देण्याचे वचन छापलेले असते, पण चलनी नोट या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहे.

उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कर्जलेखाची परंपरा भारतात जुनी आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या काही शतकांत रचल्या गेलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीत, ऋणकोने स्वहस्ते लिहिलेला लेख बळजबरी किंवा कपट नसेल तर साक्षीदारांवाचूनही प्रमाण मानला आहे. यावरून काही लेखक वचनचिठ्ठीचे मूळ येथे शोधतात. परंतु तो लेख मुख्यतः पुरावा होता, हातोहात फिरणारा संलेख नव्हता. हुंडीत तर बहुधा तिसऱ्या व्यक्तीला दिलेला आदेश असतो, म्हणून ती विनिमयपत्राला (दुसऱ्याला पैसे देण्याचा लेखी आदेश) अधिक जवळची ठरते. आजच्या वचनचिठ्ठीचे कायदेशीर रूप इंग्लंडमधून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे अशा चिठ्ठ्यांची हस्तांतरणीयता सरन्यायाधीश होल्ट यांनी नाकारली होती, राणी ॲन हिच्या कारकीर्दीतील कायद्याने (१७०४, काही ग्रंथांत १७०५) ती मान्य केली.

व्याख्येनुसार दस्तऐवज लेखी हवा, त्यात पैसे देण्याचे वचन हवे, ते बिनशर्त हवे, रक्कम निश्चित हवी, देणे केवळ पैशांतच हवे, लिहून देणाऱ्याची सही हवी आणि लिहून देणारा आणि (चिठ्ठी धारकास, म्हणजे ती ज्याच्या हाती असेल त्यास, देय नसेल तर) घेणारा हेही निश्चितपणे ओळखता यावेत. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा सहीच्या जागी चालतो. तारीख, ठिकाण किंवा ‘मोबदला पावला’ हे शब्द नसल्याने चिठ्ठी बाद होत नाही. देण्याची मुदत लिहिली नसेल तर ती मागणी करताच देय ठरते.

वादाचे प्रमुख क्षेत्र ‘वचन’ या शब्दाचे आहे. ‘मी आपले एक हजार रुपये देणे लागतो’ एवढी कबुली पुरेशी नाही. तीच कबुली ‘मागताच देईन’ या आशयासह आली की वचनचिठ्ठी होते. स्वतः अधिनियमातील उदाहरणे हा भेद दाखवतात. ‘अमुकशी विवाह झाल्यानंतर सात दिवसांनी पाचशे रुपये देईन’ हे वचन सशर्त आहे, कारण विवाह होईलच असे नाही. ‘पाचशे रुपये आणि माझा काळा घोडा देईन’ यात देणे केवळ पैशांचे नाही. मात्र जी घटना घडणार हे निश्चित आहे, फक्त केव्हा ते अनिश्चित आहे, तिच्यावर मुदत बेतली तरी वचन बिनशर्तच राहते. ठरलेल्या दराने व्याज लावल्यानेही रक्कम अनिश्चित होत नाही. ब्रिटिशकालीन सर्वोच्च अपील न्यायसंस्था असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९३६ मध्ये मोहम्मद अकबर खान विरुद्ध अत्तर सिंग या प्रकरणात ठेवीच्या पावतीला वचनचिठ्ठी मानण्यास नकार दिला. दस्तऐवजाचा मूळ हेतू पाहावा, ही त्या निकालातील दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

धारकास देय वचनचिठ्ठी व्याख्येत बसते, तरी रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३१ नुसार ती रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याखेरीज कोणी काढू शकत नाही. केवळ कलम ४ वाचणाऱ्याची येथे फसगत होते.

मुद्रांकाचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. वचनचिठ्ठीवरील शुल्काचे दर ठरवणे संघसूचीतील, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील, विषय आहे. म्हणून महाराष्ट्रातही दर केंद्रीय कायद्याचेच लागू होतात. मागणीदेय चिठ्ठीवरचे शुल्क काही पैशांचेच असून व्यवहारात एक रुपयाचे महसुली तिकीट लावतात. ते सहीपूर्वी किंवा सहीच्या वेळीच लावावे लागते आणि पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने रद्द करावे लागते. सही तिकिटावरून आडवी नेण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. रद्द न केलेले तिकीट नसल्यासारखेच धरले जाते. इतर बहुतेक दस्तऐवजांतील उणीव शुल्क व दंड भरून दूर होते, पण भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ३५ मधील ही सवलत वचनचिठ्ठीला नाही. एका रुपयाच्या तिकिटापायी धनकोचा लाखोंचा पुरावा नाहीसा होतो, हे विसरता कामा नये. अशा वेळी मूळ कर्जावर स्वतंत्र दावा चालतो का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९३८ मध्ये, कराराच्या सर्व अटी चिठ्ठीतच असतील तर दावा चालत नाही, असे ठरवले. अन्य काही निर्णय धनकोला अधिक अनुकूल आहेत. पुराव्याच्या कायद्याशी मद्रासचे मत अधिक सुसंगत दिसते.

खेड्यापाड्यांत चिठ्ठीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेण्याची रीत आहे. कायद्याला त्यांची गरज नाही. उलट, दस्तऐवज साक्षांकित असून आदेशानुसार (घेणारा सांगेल त्यास) किंवा धारकास देय नसेल तर मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने तो बंधपत्र (बाँड) ठरू शकतो आणि त्यावरचे शुल्क वेगळे असते. परक्राम्य संलेख अधिनियमातील १९१९ च्या दुरुस्तीने, हस्तांतरणास मनाई नसलेली चिठ्ठी आदेशानुसार देय मानली जाते. ही कल्पना मुद्रांक कायद्यालाही लावावी का, याबाबत निर्णयांत एकवाक्यता नाही. ‘आपणांस अथवा आपण सांगाल त्यास’ हे शब्द स्पष्ट लिहिणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सही सिद्ध झाली की मोबदला मिळाल्याचे गृहीतक परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ११८ नुसार उभे राहते आणि ते खोडण्याचा भार ऋणकोवर पडतो. संमतीवाचून महत्त्वाचा फेरबदल केल्यास चिठ्ठी शून्य ठरते. नोंदणी आवश्यक नाही. मागणीदेय चिठ्ठीवरील दाव्याची मुदत सामान्यतः चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे असते. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी करणाऱ्याला सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार न्यायालयाचा हुकूमनामा (वसुलीचा निवाडा) मिळत नाही. त्यातील कर्जाच्या व्याख्येतून परक्राम्य संलेखांवर दिलेल्या, ठराविक रकमेहून मोठ्या कर्जाला सूट असली, तरी वचनचिठ्ठीला त्या सवलतीतून वगळले आहे.