चार हातांपुरता दगड

साबणाच्या वडीसारखा आकार, जाडी मात्र कमी. एक बाजू काळपट, दुसरी विटकरी. बोट फिरवलं तर इतका गुळगुळीत लागतो की यावर पोलाद घासलं जाईल असं वाटू नये. जुन्या वस्तऱ्यांच्या सोबत असा दगड बरेचदा हाती लागतो. त्याला बार्बर होन म्हणतात, म्हणजे न्हाव्याचा दगड.

माझ्याकडे तो आला तेव्हा मी वस्तरा घेऊन त्यावर एका दमात वीस-पंचवीस हात मारले. नखाला धार झणझणीत लागली. सकाळी दाढी करताना पहिला गाल ठीक झाला आणि दुसऱ्या गालावर वस्तरा ओरबाडायला लागला. दगडाला बोल लावून मी तो खणात टाकून दिला. खरं तर चूक दगडाची नव्हती. तो कुठल्या कामासाठी जन्माला आला हेच मला ठाऊक नव्हतं.

त्याच्या आधी वस्तऱ्याची धार निघायची ती खाणीतल्या दगडांवर. बेल्जियमच्या आर्डेन डोंगराळ भागात, व्हिएल्साल्मच्या आसपास, कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड सापडतो. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि पोलाद कापतात ते हेच कण. हा दगड खडकात पातळ पट्ट्यांनी येतो, म्हणून त्याच्या चकत्या काढून पाटीच्या दगडावर चिकटवून विकायची पद्धत पडली. जर्मनीत थुरिंगियाचा पाटीसारखा दगड होता, इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधला चार्नली फॉरेस्ट नावाचा दगड. धार सुरेख यायची, पण दगड हळू चालायचे. शिवाय निसर्गाचा माल, एक तुकडा दुसऱ्यासारखा निघेलच याची खात्री नाही.

घरी एकट्याची दाढी करणाऱ्याला हे परवडतं. दिवसभर एकामागून एक गिऱ्हाईक खुर्चीत बसवणाऱ्या न्हाव्याला नाही. त्याचं रोजचं काम चामोट्यावर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, भागायचं. चामोटा धार नव्याने काढत नाही, वळलेली कड सरळ करतो. असे काही दिवस जातात आणि मग एक वेळ येते, चामोट्यावर कितीही फिरवा, वस्तरा केस ओढायलाच लागतो. केस मऊ, पोलाद कठीण, मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असलेला केस वाकून तिरका दाबला गेला, की धारेतल्या कच्च्या जागेवरून तिचा बारीकसा टवका उडतो. टवका चामोट्याने भरून येत नाही, तिथे थोडं पोलाद झिजवावंच लागतं.

चामोटा पुरत नाही आणि मोठ्या दगडावर घासत बसायला सवड नाही, या अडचणीवरचा तोडगा म्हणजे बार्बर होन. तो खाणीतून येत नाही, कारखान्यात घडवतात. घासणारी पूड मातीसारख्या बंधक द्रव्यात कालवायची, वडी दाबायची आणि भट्टीत भाजायची. या धंद्यातलं गाजलेलं नाव स्वाटी. फ्रान्झ स्वाटीची ही परंपरा 1879 पासूनची. गाव मारिबोर, आज स्लोव्हेनियात, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. स्वाटीचे जुने दगड जमवणारे त्यावर छापलेल्या मजकुराच्या ओळी मोजतात. तीन ओळींचा असला की त्यांचा चेहरा उजळतो.

धंदा खरा फोफावला तो विजेमुळे. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याने लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोळशाची पूड घालून त्यातून जोराचा विद्युतप्रवाह सोडला. कार्बनच्या कांडीला चमकदार स्फटिक चिकटलेले निघाले. हे कार्बन आणि कोरंडम हे कठीण खनिज यांचं मिश्रण असावं असा त्याचा समज झाला, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. समज चुकीचा होता. ते सिलिकॉन कार्बाइड होतं, पण नाव टिकलं. (गंमत म्हणजे कोरंडम हा शब्द मुळात आपल्याच बाजूचा, आपला कुरुंद.) सुरुवातीला ही पूड रत्नांना पैलू पाडणारे विकत घ्यायचे. नायगारा धबधब्यावर जलविद्युत आली तेव्हा कार्बोरंडम कंपनी 1895 मध्ये तिथे गेली आणि हा माल ढिगाने निघू लागला. पुढे कंपनीने न्हाव्यांसाठी खास दगड काढले. हत्यारांची दुकानं स्वतःच्या छापाचे दगड विकू लागली. आज जमवणाऱ्यांच्या फडताळात दिसतात ते बहुतेक या काळातले.

दगडाची ठेवणच त्याचं काम सांगते. लांबी साधारण 5 इंच, रुंदी 2 इंच, म्हणजे वस्तऱ्याच्या पात्यापेक्षा अरुंद. त्यामुळे हात सरळ ओढून चालत नाही. बुडापासून टोकापर्यंत तिरका सरकवावा लागतो, तेव्हा कुठे सगळी धार दगडावरून जाते. कोन मोजायची भानगड नाही. पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायची, कोन आपोआप ठरतो. दगडावर धार पुढे, चामोट्यावर पाठ पुढे. प्रत्येक हाताशेवटी वस्तरा पाठीवरच उलटायचा, धारेवर कधीही नाही. तेलाचीही गरज नाही. कुणी कोरडाच वापरायचा, कुणी गिऱ्हाइकासाठी घोटलेल्या फेसातला थोडा दगडाला लावायचा.

आणि हात किती? प्रत्येक बाजूला तीन-चार, फार तर पाच. माझं चुकलं ते इथे. भाजलेल्या दगडातली पूड झपाट्याने कापते. मर्यादेपलीकडे गेलं की धारेच्या टोकाला पोलादाची तारेसारखी नाजूक कड उभी राहते. नखाला ती भलतीच तिखट लागते आणि अर्ध्या दाढीत मोडते. मुळातच धार गेलेला, खाचा पडलेला वस्तरा या दगडावर जागा होत नाही. त्याला आधी भरड दगडावर पाजळावं लागतं. आजही लोक एवढ्याशा दगडाकडून सगळं करून घेऊ पाहतात आणि त्याला नावं ठेवतात.

दगड भरात होता तेव्हाच त्याच्या मुळावर येणारी वस्तूही बाजारात आली. 1903 मध्ये किंग जिलेटच्या कंपनीने बदलत्या पात्याचे जेमतेम 51 रेझर विकले. पुढच्या वर्षी आकडा 90 हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना सुमारे 35 लाख रेझर दिले. ते सैनिक घरी परतले ते पातं बदलायची सवय घेऊनच. घरातला वस्तरा मागे पडला, न्हाव्याच्या हातात मात्र आणखी बरीच वर्षं राहिला. 1980 नंतर एड्सच्या धास्तीने तिथेही फेकायचं पातं आलं. दगड तसेच खोक्यांत पडून राहिले.

माझा दगड खणातून काढला तेव्हा आधी तो सपाट करायचं ठरवलं. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवला आणि घासायला सुरुवात केली. चारही कडांच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या तीन रेघा जायला अर्धा तास लागला. तिथे कुणीतरी, एका वेळी चारच हात मारून, इतका खळगा पाडला होता.