कृपाण, विमान आणि नऊ इंच

नांदेडहून देशांतर्गत विमानाने निघालेल्या अमृतधारी (दीक्षा घेतलेल्या) शिखाला गातऱ्यात, म्हणजे खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यात, अडकवलेली कृपाण उतरवावी लागत नाही. फक्त ती मापात हवी. तोच पुढे दिल्लीहून टोरांटोला निघाला, तर ती आधीच चेक-इन सामानात टाकावी लागते. या मापाची कथा विमानापेक्षा जुनी आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने कृपाण तलवारींच्या रांगेत बसवली. पंजाबात १९१४ मध्ये आणि पुढे इतर प्रांतांत सूट मिळाली, पण कृपाण म्हणजे नेमकी केवढी, हे कोणी लिहिलेच नाही. १९२१-२२ मध्ये सरकारने नऊ इंचांपेक्षा लांब कृपाणी जप्त केल्या, बनवणाऱ्यांना पकडले. शीख म्हणत, लांबी आम्ही ठरवू.

संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील स्पष्टीकरणाने कृपाण धारण करणे व बाळगणे हा शीख धर्माचरणाचाच भाग मानला. लांबी तिथेही नाही. मात्र हा अनुच्छेद मुळातच सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन आहे, आणि सुरक्षा यंत्रणा बोट ठेवतात ते याच शब्दांवर. सप्टेंबर १९८१ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेले विमान लाहोरला पळवले गेले, तेव्हा अपहरणकर्त्यांच्या हाती कृपाणी होत्या. ही आठवण प्रत्येक सुनावणीत काढली जाते. रोज बिनबोभाट प्रवास करणाऱ्यांची कोणी काढत नाही.

विमानतळांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या (बीसीएएस) मार्च २०२२ च्या आदेशात प्रवाशाच्या कृपाणीला पाते १५.२४ सेंटीमीटर, मुठीसह एकूण लांबी २२.८६ सेंटीमीटर, अशी मर्यादा आहे. दशांश बघा: सहा इंच आणि नऊ इंच. शंभर वर्षांपूर्वीचा तोच नऊ! याच आदेशात विमानतळावरील कर्मचाऱ्यांना कृपाणीची मनाई होती. ओरड झाली, आठवडाभरात ते कलम वगळले. मग उलट बाजूने याचिका आली, की प्रवाशांनाही सवलत नको. धोरणात्मक निर्णय म्हणून न्यायालयाने डिसेंबरात ती फेटाळली. माझ्या मते हा निकाल योग्यच; पण कृपाण धर्मचिन्ह की हत्यार, हा मूळ गुंता त्याने सोडवला नाही.

याच यंत्रणेच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने कर्मचाऱ्यांवरची मनाई परत आणली. म्हणजे मापातली कृपाण लावून प्रवासी विमानात बसू शकतो, आणि त्याची बॅग चढवणाऱ्या शिखाला मात्र ती घरी ठेवून कामावर यायचे.