गावात फायबर, घरात हॉटस्पॉट: भारतनेटची पार्श्वभूमी

बऱ्याच ग्रामपंचायत कार्यालयांत कोपऱ्यात एक कपाट दिसतं. आत बॅटऱ्या, ओएनटी नावाचा छोटा डबा (फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं इंटरनेट करून देणारा), आणि छतावर सौर पॅनल. कागदोपत्री त्या गावात फायबर पोचलंय. पलीकडच्या आळीत मात्र मुलं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फॉर्म भरतात. असं का झालं, हे कळायला 2011पर्यंत मागे जावं लागतं.

25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला, म्हणजे आजच्या भारतनेटला, मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे 20 हजार कोटी खर्च, मुदत दोन वर्षं. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जमणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतला, म्हणजे शेवटी ग्राहकाच्याच रिचार्जमधला. या योजनेत मोजायचं एकक होतं ग्रामपंचायत. घर कुठल्याच रकान्यात नव्हतं. पंचायतीपर्यंत 100 एमबीपीएस आणून दिले की पुढची वायर खासगी कंपन्या आणि गावचे केबलवाले ओढतील, असं गृहीत धरलं होतं. विखुरलेल्या वाड्यांत चाळीसेक ग्राहकांसाठी खांब कोण उभारणार, हे कुणी विचारलंच नाही.

दुसरी खोट आखणीत. खर्च वाचवायला तालुक्याच्या एक्स्चेंजपासून बीएसएनएलची आधीच पुरलेली फायबर जिथवर जात होती तिथवर तीच वापरायची आणि फक्त उरलेला तुकडा नवा टाकायचा, असं ठरलं. जुन्या तारेचं दुखणं त्यामुळे नव्या जोडणीलाही आलं. शिवाय रचना सरळ रेषेतली: तालुक्याकडच्या बाजूला एक घाव बसला की पुढची सगळी गावं अंधारात.

घाव बसायला कारणंही पुष्कळ. नियमाने साध्या मातीत चर 1.65 मीटर खोल हवा. त्यात एचडीपीई प्लास्टिकची नळी, आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तिच्यातून केबल पुढे ढकलायची. खडक लागला की खोली कमी करायला परवानगी, पण मग वर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं कवच लागतं. आपल्याकडे हातभर खणलं की काळा पाषाण, कोकणात जांभा. म्हणजे ही सवलत अपवाद न राहता नेहमीची होते, आणि कवचात जिथे हात आखडता घेतला तिथे रस्ता रुंदीकरणाचा किंवा नळयोजनेचा जेसीबी आला की केबल बादलीत येते.

तुटलेली केबल जोडताना बहुधा मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका घावाला दोन सांधे. प्रकाशाचा हिशेब इथे बिघडतो. एकाच तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या जीपॉन यंत्रणेत दोन टोकांमध्ये साधारण 28 डीबी (डेसिबल, प्रकाश किती घटला याचं माप) घट चालते. 32 घरांत वाटणारा स्प्लिटरच त्यातले 17 खातो. 12 किलोमीटर तारेत किलोमीटरला 0.35 धरून 4.2 जातात. उरल्या सातेक डीबीत सगळे सांधे, कनेक्टर आणि पुढच्या दहा वर्षांची दुरुस्ती बसवायची. नीट वितळवून केलेला सांधा 0.1 डीबीच्या आत राहतो. घाईत, धुळीत केलेला सहज त्याच्या पाच-दहा पट खातो.

2015मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा 2017 संपता संपता पुरा झाला. जुलै 2017मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला आणि काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं; महाराष्ट्रात ते राज्य सरकारच्या महाआयटी कंपनीमार्फत ‘महानेट’ नावाने झालं. 2021मध्ये 16 राज्यांसाठी खासगी भागीदारीचा प्रस्ताव मंजूर झाला (महाराष्ट्र त्यात नव्हता), पण निविदांना प्रतिसादच आला नाही. 2022मध्ये भारतनेट चालवणारी कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करायचं ठरलं.

ऑगस्ट 2023च्या सुधारित कार्यक्रमात मात्र मूळ चुकीला हात घातला गेला. रक्कम 1,39,579 कोटी. रेषेऐवजी रिंग, म्हणजे एक बाजू तुटली तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते. देखभाल दहा वर्षं बांधणाऱ्याच ठेकेदाराकडे. पंचायतीचं मुख्य गाव सोडून उरलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना मागणीनुसार जोडणी. यातला ‘मागणीनुसार’ हा शब्द महत्त्वाचा आहे: मागणी नोंदलेली नसेल, तर वाडीचा नंबर लागायला काही कारण नाही.

म्हणून नुसतं ‘फायबर कधी येणार’ विचारण्यापेक्षा लेखी अर्ज करून तीन गोष्टी विचाराव्यात: पंचायतीतलं यंत्र आज चालू आहे का, गावात स्प्लिटर बसवलाय का आणि त्यात मोकळे पोर्ट किती, नि घरापर्यंतची ड्रॉप केबल कोण ओढणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डब्यावरच मिळतं. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर जोडणी ठीक, तो लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाही, ‘लॉस’चा लाल दिवा म्हणजे प्रकाशच नाही. एकही दिवा नसेल तर आधी बॅटरी आणि प्लग बघा.

घरी जोडणी आली की कनेक्टरचे रंग तपासा. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहून काही डीबी वाया जातात. वायरमन जाण्याआधी पॉवर मीटरचा आकडा लिहून घ्या. तो डीबीएममध्ये, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाच्या ताकदीच्या मापात असतो; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे 15 ते उणे 25 डीबीएममध्ये असेल तर निर्धास्त राहा. उणे 27च्या आसपास असेल, तर सांधा पुन्हा करायला तिथेच सांगा.