मेलाटोनिन: अंधाराची वर्दी आणि न झोपणारी मुलं

“मेलाटोनिन शरीरात तयार होतंच. नैसर्गिक आहे, झोपेचं हार्मोन आहे. मग मूल झोपत नसेल तर थोडं वरून दिलं, तर बिघडलं कुठे?” लहान मुलांच्या आईबाबांच्या बोलण्यात हा युक्तिवाद आता सर्रास येतो. बाजारानेही तो अचूक हेरला आहे. अस्वलाच्या आकाराच्या, फळांच्या चवीच्या, चघळायच्या मेलाटोनिन गोळ्या मिळतात. मुलांना त्या खाऊच वाटतात, आणि खरी काळजी तिथूनच सुरू होते. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलांनी मेलाटोनिन गिळल्याच्या नोंदी २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, त्या २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या. बहुतेक मुलांना काही त्रास झाला नाही. पण त्या दहा वर्षांत पाच मुलांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागलं आणि दोन मुलं दगावली.

आकडे गंभीर आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी असलेल्या समजुतीबद्दल लिहायचं आहे. मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन नाही. ते अंधाराचं हार्मोन आहे. हा फरक एकदा नीट कळला की गोळीबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

उंदराचंच बघा. उंदीर निशाचर. रात्री तो धावतो, खातो, हुंदडतो आणि दिवसा झोपतो. मेलाटोनिन झोप आणत असतं, तर उंदराच्या रक्तात ते दिवसा वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात ते वाढतं रात्रीच, म्हणजे तो टक्क जागा असताना. मेलाटोनिन शरीरभर फक्त एक वर्दी देतं: बाहेर अंधार पडला आहे. त्या वर्दीवर काय करायचं ते ज्याच्या त्याच्या शरीराने ठरवायचं. माणसाचं शरीर झोपेच्या तयारीला लागतं, उंदराचं कामाला.

या रेणूचा शोधही झोपेच्या वाटेने लागलेला नाही. १९१७ मध्ये मॅककॉर्ड आणि अ‍ॅलन या संशोधकांनी गाईच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला, तेव्हा त्यांची कातडी फिकट होऊन आतले अवयव दिसू लागले. हा कशाचा परिणाम, हे शोधण्याच्या मागे येल विद्यापीठातले एरन लर्नर लागले. ते त्वचारोगतज्ज्ञ होते. हजारो ग्रंथी गोळा करून १९५८ मध्ये त्यांनी मेलाटोनिन वेगळं केलं. माणसाच्या त्वचेवर त्याचा तसा काही परिणाम होत नाही, हे पुढे कळलं.

आता मला या विषयातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. अंधार पडला हे मेलाटोनिन बनवणाऱ्या या ग्रंथीला कळतं कसं? वाटाण्याहूनही लहान असलेली पिनियल ग्रंथी मेंदूच्या ऐन मध्यभागी, गडद काळोखात बसलेली असते.

दृष्टिपटलावर दंडपेशी आणि शंकूपेशी असतात, हे आपण शाळेत शिकलो. प्रकाश ओळखणाऱ्या पेशी एवढ्याच, असंच शंभरेक वर्षं मानलं जात होतं. पण दंड आणि शंकू दोन्ही नसलेले उंदीरही दिवस-रात्र ओळखतात असं दिसून आलं. काही पूर्ण अंध माणसांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला की त्यांचं मेलाटोनिन उतरतं, हेही १९९५ मध्ये सिद्ध झालं. प्रकाश ‘दिसत’ नव्हता, तरी शरीराला कळत होता! १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना मेलानॉप्सिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन सापडलं, आणि तेही पुन्हा बेडकाच्याच त्वचेत. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दाखवून दिलं की दृष्टिपटलातल्या काही मोजक्या चेतापेशींमध्ये हे प्रथिन असतं आणि त्या स्वतःच प्रकाश टिपतात. चित्र बनवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. उजेड किती आहे, एवढं त्या मोजत राहतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात.

या पेशींचे तंतू जातात ते दोन्ही डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या नेमक्या वर असलेल्या, सुमारे वीस हजार पेशींच्या एका जोडपुंजाकडे. त्याचं नाव सुप्राकायॅझमॅटिक न्यूक्लियस. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. इथून पिनियल ग्रंथी जेमतेम काही सेंटिमीटरवर आहे. पण संदेश सरळ तिकडे जात नाही. तो मेंदूतून खाली उतरतो, मानेतल्या मज्जारज्जूतून थेट छातीच्या वरच्या भागापर्यंत जातो, तिथून बाहेर पडून मानेतल्या एका चेतागुच्छाकडे वर चढतो आणि मग रक्तवाहिन्यांच्या सोबतीने पुन्हा कवटीत शिरून पिनियलपाशी पोहोचतो. एवढा मोठा वळसा! म्हणूनच मानेपाशी मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांमध्ये डोळे उत्तम, मेंदू उत्तम, ग्रंथी शाबूत, तरी रात्रीचं मेलाटोनिन तयार होत नाही.

दिवसा घड्याळ ही वाट बंद ठेवतं. रात्री वाट मोकळी होते आणि चेतातंतूंच्या टोकांमधून पिनियलच्या पेशींवर नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन झिरपतं. ते पेशीवरच्या बीटा ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. (रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचं मेलाटोनिन कमी होतं, ते यामुळेच.) ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनतं आणि सेरोटोनिनपासून दोन पायऱ्यांत मेलाटोनिन. त्यातली पहिली पायरी पार पाडतं एएएनएटी नावाचं एन्झाइम. माणसाच्या ग्रंथीत हे एन्झाइम बनवण्याची सूचना दिवसाही हजर असते, पण बनलेलं एन्झाइम पेशीतली कचरा-यंत्रणा, म्हणजे प्रोटिएसोम, लगेच तोडून टाकते. रात्री सायक्लिक एएमपीमुळे एन्झाइमवर फॉस्फेट बसतं, मग १४-३-३ नावाचं दुसरं प्रथिन त्याला कवटाळून धरतं आणि तोडण्यापासून वाचवतं. डोळ्यावर प्रकाश पडला की नॉरअ‍ॅड्रेनलिन थांबतं, फॉस्फेट निघतं, कवच सुटतं आणि एन्झाइम काही मिनिटांत नष्ट होतं. मेलाटोनिनचा साठा ग्रंथीत नसतो. जे बनतं ते तसंच रक्तात जातं. त्यामुळे दिवा लागला की कारखाना जवळजवळ तिथल्या तिथे बंद.

पिनियल ही ‘तिसरा डोळा’ आहे, ती ‘जागृत’ केली की अतींद्रिय ज्ञान होतं, तिच्यावर साठलेलं कॅल्शियम ‘उतरवणारे’ काढे घ्या, असा प्रचार इंटरनेटवर जोरात चालतो. काही सरड्यांमध्ये आणि न्यूझीलंडच्या तुआटारा या प्राण्यात डोक्याच्या माथ्यावर प्रकाश टिपणारा खराखुरा तिसरा डोळा असतो आणि पिनियलशी त्याचं जवळचं नातं आहे, इतपत खरं. पण माणसाची पिनियल स्वतः प्रकाश टिपत नाही. तिला सगळी बातमी त्या लांबलचक वळशाने डोळ्यांकडूनच मिळते. वाढत्या वयात तिच्यात कॅल्शियमचे कण दिसणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. यात गूढ काही नाही. जे खरोखर घडतं तेच इतकं थक्क करणारं आहे की वर गूढाची फोडणी कशाला हवी?

आता मुलांकडे. नवजात बाळाचं घड्याळ अजून लागलेलं नसतं. मेलाटोनिनची रात्रीची लय साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला उमटू लागते. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून त्याला थोडं मेलाटोनिन मिळतं. दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतंच. नंतरच्या वर्षांत मात्र चित्र पालटतं. रात्रीच्या मेलाटोनिनची पातळी आयुष्यात सर्वांत जास्त असते ती याच लहान वयात. बहुतेक मुलांमध्ये कमतरता मेलाटोनिनची नसते. कमतरता असते अंधाराची.

लहान मुलांच्या डोळ्यातली बाहुली मोठी असते आणि डोळ्याचं भिंग काचेसारखं स्वच्छ. वयाबरोबर भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. मुलांच्या डोळ्यात तो बिनअडथळा शिरतो. कोलोराडो विद्यापीठातल्या मोनिक लबर्झवा यांच्या गटाने २०१८ मध्ये शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर १००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) प्रकाशात बसवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ ९० टक्क्यांनी घटलं. २०२२ मध्ये त्याच गटाने तीन ते पाच वर्षांच्या ३६ मुलांवर वेगवेगळ्या तीव्रतेचा प्रकाश वापरून पाहिला. अवघ्या ५ ते ४० लक्समध्येही घट सरासरी ७८ टक्के होती. घरातल्या दिवाणखान्यात रात्री सहज शंभर-दोनशे लक्स उजेड असतो. दिवा मंद केल्यावर ५० मिनिटं उलटून गेली, तरी बहुतेक मुलांचं मेलाटोनिन पूर्ववत झालं नव्हतं. म्हणजे नऊपर्यंत लखलखत्या खोलीत खेळलेल्या मुलाला सव्वानऊला अंधारात निजवलं, तरी त्याच्या मेंदूच्या लेखी अजून दिवसच असतो.

दुसरी बाब वेळेची. मंद उजेडात रक्तातलं मेलाटोनिन चढायला लागतं तो क्षण म्हणजे शरीराची रात्र सुरू होण्याचा क्षण. त्याच्या आधीचे दोन-तीन तास घड्याळ आपल्याला जोर लावून जागं ठेवतं. झोपेचे अभ्यासक पेरेट्झ लावी यांनी १९८६ मध्ये या पट्ट्याला झोपेसाठी ‘निषिद्ध’ म्हटलं होतं. दिवसभर दमलेलं मूल संध्याकाळी अचानक तरतरीत होऊन उड्या मारायला लागतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. लबर्झवांच्या गटाने अडीच ते तीन वर्षांची १४ मुलं तपासली. त्यांचं मेलाटोनिन सरासरी संध्याकाळी ७:४० ला चढायला लागत होतं, पण मुलामुलांत बराच फरक होता. ज्यांना या क्षणाच्या अगदी जवळ निजवलं जात होतं ती मुलं झोपायला जास्त वेळ घेत होती आणि जास्त कटकटही करत होती. ती हट्टी नव्हती. त्यांची रात्रच अजून सुरू झालेली नव्हती.

गोळीचा परिणामही वेळेवर ठरतो. निजण्याच्या काही तास आधी घेतलेलं थोडंसं मेलाटोनिन घड्याळ पुढे सरकवतं, म्हणजे झोप लवकर यायला लागते. सकाळी घेतलेलं तेच मेलाटोनिन घड्याळ मागे ढकलतं. ऐन झोपताना दिलं तर मिळते ती थोडी गुंगी. मध्यरात्री जाग आली म्हणून दिलेली जास्तीची गोळी तर सकाळची वर्दी बिघडवायला पुरेशी असते. मुळात साध्या गोळीतलं मेलाटोनिन रक्तात ४०-५० मिनिटांत निम्म्यावर येतं, त्यामुळे रात्रभर झोप टिकवण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवताच येत नाही.

मात्रा? आपली ग्रंथी रात्रभरात जेमतेम काही डझन मायक्रोग्रॅम मेलाटोनिन बनवते (हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम). बाजारातल्या गोळीत १, ३, ५ मिलिग्रॅम असतं. तोंडाने घेतल्यावर यकृत त्यातलं बरंचसं संपवतं, तरीही रक्तातली पातळी नैसर्गिक शिखराच्या कितीतरी पट वर जाते. त्यातही डबीवरचा आकडा खरा असेलच असं नाही. अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नव्हे, आहारपूरक म्हणून विकलं जातं. तिथल्या चघळायच्या २५ उत्पादनांची तपासणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या २२ उत्पादनांवरचं लेबल चुकीचं निघालं. काहींत लिहिल्याहून जास्त, अगदी साडेतीन पटीपर्यंत, मेलाटोनिन होतं, तर एकात अजिबात नव्हतं. मुलाला आपण नेमकं काय देतो आहोत हेच माहीत नसेल, तर ‘नैसर्गिक’ या शब्दाला काय अर्थ उरतो?

मेलाटोनिन निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. स्वमग्नता, एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) किंवा मेंदूच्या विकासाच्या इतर अडचणी असलेल्या मुलांमध्ये त्याचा खरा उपयोग दिसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत अशी मुलं पाऊण तासापर्यंत लवकर झोपली. मात्र ती सकाळी उठलीही लवकर, त्यामुळे एकूण झोप वाढली ती वीस-बावीस मिनिटंच. घड्याळ पुढे सरकल्याची ही अगदी स्पष्ट खूण. युरोपने २०१८ मध्ये स्वमग्न मुलांसाठी हळूहळू विरघळणाऱ्या मेलाटोनिनला औषध म्हणून मान्यता दिली, तीही झोपेच्या सवयी सुधारून भागत नसेल तरच. ही सावधगिरी मला योग्य वाटते. मेंढ्यांसारख्या प्राण्यांमध्ये रात्री किती लांबल्या हे मेलाटोनिनवरून ओळखून शरीर प्रजननाचा हंगाम ठरवतं. माणूस मेंढी नाही, पण वयात येण्याच्या आधीची वर्षानुवर्षं रोज हे हार्मोन देताना डॉक्टरांचं लक्ष असायलाच हवं.

आणि डॉक्टर आधी गोळी लिहून देणार नाहीत. मूल घोरतं का, तोंडाने श्वास घेतं का, म्हणजे अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढले आहेत का, हे ते विचारतील. रात्री अंगाला खाज सुटते का, हेही. निजल्यावर पाय स्वस्थ ठेवता येत नसतील, सारखे हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासतील. ते कमी निघालं तर उपचार लोहाचा असतो.