सागरी संवर्धनविज्ञानाचा लोकसंवाद

देवमासे, सागरी कासवे, शार्क, समुद्रपक्षी, प्रवाळ इत्यादी सागरी जीवांची स्थिती, त्यांना असलेले धोके आणि त्यांवरील उपाय यांविषयीचे संशोधन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविण्याची प्रथा. वाघ किंवा हत्ती बहुतेकांनी निदान प्राणिसंग्रहालयात पाहिलेला असतो. खुल्या समुद्रातील बहुतेक जीवांची ओळख मात्र छायाचित्र, ध्वनिमुद्रण आणि आकडे यांच्यामार्फतच होते. त्यामुळे या क्षेत्रात माध्यमाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

प्रारंभ कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आंटोन डोर्न यांनी १८७२ मध्ये नेपल्स येथे स्थापिलेल्या संशोधन केंद्राचे मत्स्यालयही दोनएक वर्षांत लोकांना खुले झाले. परंतु तिकिटांच्या उत्पन्नातून संशोधनाचा खर्च भागविणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. संवर्धन हा उद्देश यांपैकी कोठेही दिसत नाही. म्हणून १९७० च्या सुमाराचा काळ हा प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याने बर्म्यूडाजवळ टिपलेले कुबड्या देवमाशांचे आवाज रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे या संशोधकांनी अभ्यासले. हे आवाज ठराविक क्रमाने पुन्हापुन्हा येतात, हा निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या आवाजांची ध्वनिमुद्रिका आदल्याच वर्षी बाजारात आली होती. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचा निर्णय घेतला. त्याचे श्रेय पुष्कळदा या ध्वनिमुद्रिकेला दिले जाते, ते अतिशयोक्त वाटते. देवमाशांची संख्या तोवर घसरलेली होती, स्टॉकहोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या १९७२ च्या पर्यावरण परिषदेने दहा वर्षांच्या स्थगितीची शिफारस केली होती आणि आयोगात शिकार न करणाऱ्या देशांची संख्याही वाढत होती.

आकड्यांच्या लोकप्रसाराचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण ‘२०४८’ हे आहे. सागरी परिसंस्थांचे अभ्यासक बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सागरी जैवविविधतेच्या ऱ्हासाच्या परिणामांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी पकडले जाणारे सर्व मत्स्यगट एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोलमडतील, असा कल त्यात दाखविला होता. २०४८ हे साल तर कंसात आले होते. ‘कोलमडणे’ याचा तेथील अर्थ पकड ऐतिहासिक उच्चांकाच्या दहा टक्क्यांखाली जाणे एवढाच. बातम्यांत मात्र ‘२०४८ मध्ये समुद्रात मासे उरणार नाहीत’ असे झाले. मत्स्यव्यवसायतज्ज्ञ रे हिलबॉर्न आदींचा आक्षेप पद्धतीवर होता : पकड म्हणजे साठा, अर्थात समुद्रात असलेले मासे, नव्हे. मर्यादा घातल्याने, बाजारभाव बदलल्याने किंवा नौका दुसरीकडे वळल्यानेही पकड घटते. शिवाय कलाची रेषा पुढे ओढताना व्यवस्थापनात काहीच बदल होणार नाही असे गृहीत धरावे लागते. पुढे वर्म व हिलबॉर्न यांनी इतर तज्ज्ञांसह एकत्र काम केले. २००९ च्या त्यांच्या निबंधानुसार, अभ्यासलेल्या दहा परिसंस्थांपैकी पाचांत मासेमारीचा दाब कमी झाला होता. तरी मूल्यमापन झालेल्या साठ्यांपैकी ६३ टक्क्यांना पुनर्भरणाची गरज होती. हा निष्कर्ष अधिक भक्कम, पण मथळ्यासाठी गैरसोयीचा. २०२१ मधील ‘सीस्पिरसी’ या गाजलेल्या माहितीपटातही २०४८ हे जुनेच साल आले.

पॅसिफिकमध्ये तरंगणाऱ्या कचऱ्याच्या पट्ट्याला दिलेले ‘प्लॅस्टिकचे बेट’ हे नावही असेच दिशाभूल करणारे आहे. तेथे चालता येईल असा थर नाही. कचरा विस्तीर्ण क्षेत्रात विखुरलेला असून त्यातील असंख्य कण बारीक आहेत.

लोकांना माहिती कमी आहे, ती पुरविली की वर्तन बदलेल, हा दृष्टिकोन विज्ञानाचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन आदींच्या टीकेनंतर मागे पडला. स्थानिक मच्छीमारांचे ज्ञानही विचारात घ्यावे, असे आता मानले जाते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखविलेली अडचण येथे आड येते : प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीच्या समुद्रालाच मूळ स्थिती समजते. केवळ विनाशाच्या वार्तांनी लोक हताश होतात, या जाणिवेतून २०१४ पासून यशकथा सांगण्याची ‘सागरी आशावाद’ ही मोहीम चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरविज्ञान दशकातही (२०२१–३०) सागरसाक्षरतेला, म्हणजे समुद्र व माणूस यांचा परस्परसंबंध लोकांना समजण्याला, स्थान आहे. संशोधनात लोकांचा सहभागही असतो : पर्यटकांनी काढलेल्या, कुबड्या देवमाशांच्या शेपटीच्या खालच्या बाजूच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखला जातो व त्याच्या स्थलांतराच्या नोंदी जुळवल्या जातात.