चौथा उपग्रह कशाला?

जीपीएसचं चित्र काढा म्हटलं, की मुलांच्या कागदावर हमखास एक बाण फोनकडून उपग्रहाकडे जातो. फोन विचारतो ‘मी कुठंय?’ आणि उपग्रह सांगतो! मोठ्यांचीही समजूत हीच, म्हणून तर ‘उपग्रहाला तुम्ही सतत दिसता’ असल्या आवया फिरत राहतात. बाण उलटा हवा. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून उपग्रह आकाशवाणीसारखा एकतर्फी बोलत असतो: मी इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. फोन नुसता ऐकतो. (तुमचा ठावठिकाणा बाहेर फुटतो तो इंटरनेटवरून, एखाद्या ॲपच्या कृपेने.)

संदेश यायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, की अंतर मिळालं. अशी तीन अंतरं जागा ठरवायला पुरतात, हे कंपास हाती धरलेल्या मुलाला पटतं. मग उपग्रह किमान चार का लागतात?

घोडं अडतं घड्याळापाशी. उपग्रहात आण्विक घड्याळ, फोनमध्ये साधं क्वार्ट्झ. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतर 300 मीटरने चुकतं.

कागदावर तीन टिंबं काढा, हे उपग्रह. त्यांच्या मधोमध कुठेतरी फोन. तिन्ही अंतरं मोजा, प्रत्येकात गुपचूप 1 सेंटिमीटर मिळवा (ही फोनच्या घड्याळाची चूक) आणि मुलांना वर्तुळं काढू द्या. ती एका बिंदूत भेटतच नाहीत, मध्ये फुगीर बाजूंचा त्रिकोण उरतो. मुलं आधी कंपासला दोष देतात. आता तिन्ही त्रिज्या सारख्याच कमी करत जायला सांगा. त्रिकोण आक्रसत आक्रसत मिटतो. जागा तर सापडतेच, वर तुमची सेंटिमीटरभर लबाडीही उघडी पडते! कागदावर अज्ञात तीन: क्ष, य आणि घड्याळाची चूक. अवकाशात उंची हे चौथं अज्ञात वाढलं, म्हणून समीकरणं चार, उपग्रहही चार.

उपग्रहाचं घड्याळही जमिनीवरच्यासारखं चालत नाही. वेगामुळे ते रोज 7 मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) मागे पडतं, क्षीण गुरुत्वामुळे 45 पुढे जातं. उरलेल्या 38 मायक्रोसेकंदांत प्रकाश 11 किलोमीटरहून जास्त जातो. म्हणून त्या घड्याळाची वारंवारता, म्हणजे ठोक्यांची गती, 10.23 मेगाहर्ट्झऐवजी मुद्दाम 10.22999999543 ठेवतात.

एवढं करून हाती येतात ते अक्षांश, रेखांश, उंची. रस्त्याचं नाव, वळण, पूल हे माणसांनी नकाशात भरलेलं असतं. पुलाखालून जाताना फोन ‘पुढे डावीकडे वळा’ म्हणतो आणि डावीकडे भिंत असते, तेव्हा त्याने तुम्हाला पुलावर बसवलेलं असतं.