वजन कुणाचं, जबाबदारी कुणाची: कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनची पार्श्वभूमी

कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन या नृत्यप्रकारात अंगाला अंग लागणार हे गृहीतच असतं. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर वजन टाकायचं, त्याने ते पेलायचं, आणि पुढे घसरायचं की गिरकी घ्यायची हे दोघांच्या तोलावर सोडायचं. आधी बसवलेल्या स्टेप्स नाहीत. पुरुषानेच उचलायचं असंही नाही. बाईही पुरुषाला खांद्यावर घेते.

याची सुरुवात १९७२ची. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात नर्तक स्टीव्ह पॅक्स्टनने विद्यार्थ्यांकडून ‘मॅग्नेशियम’ नावाचं सादरीकरण करून घेतलं. कुस्तीच्या मॅटवर मुलं एकमेकांवर आदळत होती, पडत होती, पुन्हा उठत होती, आणि शेवटी काही मिनिटं सगळे नुसते उभे राहिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जॉन वेबर गॅलरीत हा नृत्यप्रकार लोकांसमोर आला. पॅक्स्टन आधुनिक नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमच्या कंपनीत नाचलेला होता, शिवाय आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेला. लागू न देता पडायचं कसं, हे त्याला तिथून ठाऊक होतं.

त्यामुळे सुरुवातीची सगळी भाषा भौतिकशास्त्राची राहिली: गुरुत्व, घर्षण, वेग. स्पर्श म्हणजे समोरच्याच्या वजनाची खबर, बस्स. या भाषेमुळे अनोळखी माणसं न अवघडता एकमेकांना टेकू शकली, हे खरंच. पण माझ्या मते ती पळवाटही होती. स्पर्शात दुसरं काही मिसळू शकतं, यावर मग बोलायलाच नको.

नियमांचा विषय पहिल्यांदा निघाला तो दुखापतींच्या धास्तीने. १९७५मध्ये पॅक्स्टन आणि त्याच्या सोबतच्या नर्तकांनी हे नाव ट्रेडमार्क करून शिकवण्यावर लगाम ठेवायचा विचार केला. पण मग पोलिसगिरी कोण करणार? बेत सोडून त्यांनी एक वार्तापत्र काढलं. त्याचंच पुढे ‘कॉन्टॅक्ट क्वार्टर्ली’ हे नियतकालिक झालं आणि त्याच्या सोबतच्या नर्तकांपैकी नॅन्सी स्टार्क स्मिथने ते अनेक वर्षं सांभाळलं. मोठ्या मनाचा निर्णय, यात शंका नाही. पण त्यामुळे या नृत्याला ना मालक राहिला, ना प्रमाणपत्र, ना तक्रार घेऊन जायची जागा.

त्याची झळ बसली जॅममध्ये. जॅम म्हणजे खुला सराव. कुणीही यावं, कुणाशीही नाचावं, शिक्षक असेलच असं नाही. ‘आपली काळजी आपण घ्यायची’ हा तिथला जुना मंत्र. मुरलेल्या नर्तकाला तो पुरतो. पण पहिल्यांदाच आलेल्या मुलीला नको असलेला हात गुरुत्वाने सरकला की मुद्दाम, हे कळेपर्यंत नाच पुढे गेलेला असतो. आणि ‘नको’ म्हटलं तर आपल्यालाच नाचता येत नाही असं वाटेल, ही धाकधूक वेगळीच.

२०१७नंतर ‘मी टू’च्या लाटेत हे उघडपणे बोललं जाऊ लागलं. प्रत्येक शरीराला स्पर्श सारखा नसतो, वर्ण आणि लिंग दाराबाहेर काढून ठेवता येत नाहीत, हेही नृत्याचे अभ्यासक मांडू लागले. आता कित्येक जॅमच्या सुरुवातीला गोल करून बसतात आणि नाच मध्येच सोडून निघून जाण्याचा सराव करतात. वजन काढून घेणं हेसुद्धा ‘नको’च, असं तिथे सांगितलं जातं. नियमांचा कागद मात्र प्रत्येक ठिकाणचे आयोजक आपापला लिहितात.